धंदा दादांच्या नावावर, कर कुणाच्या खिशातून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत दोघा भावांचं जॉबवर्कचं (ग्राहकाच्या मालावर मजुरीनं काम करून देण्याचं) युनिट आहे. धंदा मोठ्या भावाच्या नावावर, प्रोप्रायटरशिप. वर्षाची उलाढाल १ कोटी ८० लाख आणि सगळे खर्च जाऊन उरतात साधारण ३० लाख. धाकटा भाऊ विचारतो : "शेजारच्या गाळेवाल्यानं प्रायव्हेट लिमिटेड केली. तो म्हणतो, कंपनीला २५ टक्केच टॅक्स. दादा म्हणतो, सीए सांगतील तसं करू. पण मला एकदा हे मुळापासून शिकायचंय, माणसाचा टॅक्स कसा लागतो आणि कंपनीचा कसा. सुरुवात कुठून करू?"

पंचवीसेक वर्षं मी पुण्यात करसल्ल्याचं काम करतो आहे. भोसरी, शिवणे, नऱ्हे, चाकण, मार्केट यार्ड, सगळीकडचे व्यावसायिक समोर बसून गेले. शिकायचं आहे असं म्हणणारे त्यात फार थोडे. बहुतेक जण "किती भरायचे तेवढं सांगा" म्हणतात. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

टक्केवारीपासून सुरुवात करू नका. कराचे दर प्रत्येक अर्थसंकल्पात बदलू शकतात, आणि पाठ केले तरी त्यातून काही कळत नाही. आधी एकच प्रश्न विचारायला शिका : हा रुपया कुणाच्या खिशात आला? तुमच्या डोळ्यांसमोर गल्ला एकच असतो, कायद्याला मात्र त्यात वेगवेगळे खिसे दिसतात. धंद्याचा खिसा, दादांचा खिसा, तुमचा खिसा. रुपया एका खिशातून दुसऱ्यात जाताना पहिल्याला तो खर्च म्हणून धरता येतो का, आणि दुसऱ्याच्या हातात तो करपात्र होतो का, या दोन गोष्टी कळल्या की निम्मा विषय आला.

प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याला स्वतःचा खिसाच नसतो. पॅन दादांचा, नफा दादांचा. ते दर महिन्याला घरखर्चाला जे काढतात ती उचल असते. ती भांडवल खात्यातून वजा होते, नफ्यातून होत नाही. दादांनी वर्षात ६ लाख उचलले काय किंवा २० लाख उचलले काय, कर ३० लाखांवरच. आणि तुम्ही? लागतील तसे पैसे तुम्हीही घेता, पण ते दादांच्या उचलीतच जमा होतात. दिवसाचे बारा तास मशीनवर उभं राहूनही कागदावर तुम्ही त्या धंद्याचे कुणीच नाही. कराच्या आधी मला या गोष्टीची काळजी वाटते, तिच्याकडे पुढे येतोच.

भागीदारी फर्म आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांना स्वतःचा खिसा असतो. त्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. पण फर्मनं एकदा कर भरला की भागीदाराच्या वाट्याला आलेला नफा त्याच्या हातात करमुक्त असतो. कर भरण्याआधी फर्म भागीदारांना दोन प्रकारे पैसे देऊ शकते. भांडवलावर व्याज, तेही १२ टक्क्यांपर्यंतच. आणि मेहनताना, त्यालाही मर्यादा आहे : पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यांपैकी जास्त असेल ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. हे पैसे फर्मचा खर्च आणि भागीदाराचं उत्पन्न. भागीदारीच्या करारात ते लिहिलेलं नसेल तर काहीच मिळत नाही. कित्येक करारनामे जुन्या नमुन्यावरून उतरवलेले असतात आणि नेमकं हेच कलम त्यात नसतं. १ एप्रिल २०२५ पासून अशी रक्कम वर्षात २० हजारांच्या वर गेली तर फर्मला त्यातून १० टक्के टीडीएसही (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो.

कंपनी ही तर स्वतंत्र व्यक्तीच. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. पन्नासच्या दशकात बाचा गझदर यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यांचे चहाच्या कंपन्यांत शेअर्स होते. चहा कंपनीच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा धरला जातो आणि त्याला आयकर लागत नाही. गझदरांचं म्हणणं असं की, मग माझ्या लाभांशातलाही ६० टक्के भाग शेतीचाच. न्यायालयानं ते मानलं नाही. जमीन कंपनीची, शेती कंपनीची. भागधारकाला मिळतो तो लाभांश, त्याचा मातीशी थेट संबंध नाही. विद्यार्थ्यांना मी हा निकाल पहिल्या दिवशी सांगतो, कारण कंपनीच्या करातली जवळजवळ प्रत्येक अडचण इथूनच उगवते. कंपनी तुमची असते, पण कंपनीचा पैसा तुमचा नसतो.

आता तुमचेच ३० लाख घेऊन कागदावर बसू. दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या करप्रणालीचे. माणसाला ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. पगारदाराला त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट. फर्मला आणि कंपनीला असे टप्पे नाहीत. माणसाला पोट असतं म्हणून पायऱ्या आहेत. कंपनीला पोट नाही, पहिल्या रुपयापासून कर.

आज आहे तसं ठेवलं तर ३० लाख दादांचे. २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख, वरच्या ६ लाखांवर १ लाख ८० हजार, उपकर धरून ४ लाख ९९ हजार २००.

भागीदारी केली आणि दोघांनी मर्यादेइतका मेहनताना घेतला तर तो होतो १९ लाख ८० हजार, प्रत्येकी ९ लाख ९० हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर दोघांनाही कर शून्य. फर्मकडे उरतात १० लाख २० हजार, त्यावर कर ३ लाख १८ हजार २४०. भांडवलावर व्याज लावलं तर आणखी थोडा कमी.

कंपनी केली आणि दोघांनी महिना एक लाख पगार घेतला, तर वजावटीनंतर प्रत्येकी सव्वाअकरा लाख, कर शून्य. कंपनीकडे उरलेल्या ६ लाखांवर २५.१६८ टक्के, म्हणजे १ लाख ५१ हजार. तुमच्या शेजाऱ्याचे '२५ टक्के' ते हेच : २२ टक्के दर, त्यावर १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेला हा दर निवडावा लागतो आणि एकदा निवडला की मागे फिरता येत नाही. इथपर्यंत कंपनी फारच स्वस्त वाटते. पण कर भरून उरलेले साडेचार लाख कंपनीच्या खिशात आहेत, तुमच्या नाही. ते लाभांश म्हणून दोघांनी वाटून घेतले की प्रत्येकाचं उत्पन्न १२ लाखांची रेघ ओलांडतं, शून्याची सवलत जाते, आणि प्रत्येकी साधारण ८५ हजार ७०० रुपये कर बसतो. एकूण बेरीज ३ लाख २२ हजार. भागीदारीपेक्षा चार हजारांनी जास्तच! १ एप्रिल २०२० पासून लाभांशाचा कर भागधारकाच्या माथी आला, तेव्हापासून हे गणित असंच आहे. त्याऐवजी सगळे ३० लाख पगार म्हणूनच घेतले, प्रत्येकी १५, तर कंपनीला शून्य आणि दोघांचा मिळून १ लाख ९५ हजार.

आता चौथा हिशेब करा, जो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. काहीच बदलू नका. प्रोप्रायटरशिप तशीच ठेवा, फक्त दादांनी तुम्हाला महिना एक लाख पगार द्यावा. दादांचं उत्पन्न १८ लाख, कर १ लाख ६६ हजार ४००. तुमचा शून्य. सगळा पैसा घरात आणायचा असेल तर चारही हिशेबांत सगळ्यात कमी कर हाच.

हे उदाहरण मी मुद्दाम तुमच्याच आकड्यांवर केलं. कर कमी झाला तो 'कंपनी' या नावामुळे नाही. एकाच माणसावर लादलेलं उत्पन्न दोन राबणाऱ्या माणसांत विभागलं गेलं, म्हणून झाला. पण त्याला अट आहे. नातेवाइकाला दिलेला पगार कामाच्या मानानं वाजवी असला पाहिजे, नाहीतर जास्तीचा भाग खर्च म्हणून नामंजूर होतो. तुम्ही खरोखर युनिट चालवता, म्हणून लाखाचा पगार टिकेल. घरी बसलेल्या कुणाच्या नावानं टाकला तर टिकणार नाही, आणि टिकूही नये. नेमणुकीचं पत्र, कामाचं स्वरूप, दर महिन्याला बँकेतून पगार, हे कागद आधीपासून हवेत. पूर्वी स्क्रुटिनी (विवरणपत्राची तपासणी) लागली की आम्ही फायलींची पिशवी घेऊन आयकर कार्यालयात जायचो आणि समोर बसून समजावून सांगायचो. आता फेसलेस पद्धतीत बहुतेक वेळा अधिकारी दिसतच नाही. जे काय बोलायचं ते तुमचे कागदच बोलणार.

मग कंपनी कशासाठी करायची? नफा फिरवायचा असेल तर. समजा उद्या नफा दीड कोटीवर गेला आणि त्यातला मोठा भाग तुम्हाला नव्या शेडमध्ये, मशीनमध्ये घालायचा आहे. तेव्हा दादांच्या हातातल्या वरच्या रुपयावर १ कोटीच्या पुढच्या अधिभारासह ३५.८८ टक्के, फर्मला ३४.९४४ टक्के आणि कंपनीला तेच २५.१६८. पैसा बाहेर काढायचाच नसेल तर हा फरक दरवर्षी एखाद्या मशीनच्या हप्त्याइतका होतो. शिवाय देणी कंपनीपुरती मर्यादित राहतात (बँकेला वैयक्तिक हमी दिली नसेल तर, आणि बँका ती मागतातच), बाहेरचा भागीदार घेता येतो, मोठे ग्राहक व्हेंडर म्हणून कंपनीला जास्त मानतात. त्याबदल्यात उलाढाल कितीही असो ऑडिट, दरवर्षी रजिस्ट्रारकडे विवरणपत्रं, संचालकांच्या सभांची इतिवृत्तं. एलएलपीलाही उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट लागतं. हा खर्च आणि हा ताप सोसणार असाल तरच करा.

आणि सवय बदलणार असाल तरच. एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका अशीलाला मी कंपनी करून दिली. दर समजावले, कागद केले, पण खिशाची गोष्ट पुरेशी ठासून सांगितली नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी जुन्या सवयीनं कंपनीच्या खात्यातून चेक काढले आणि 'नंतर भरू' म्हणून स्वतःच्या नावे उसने दाखवले. भरलेही, सहा महिन्यांत. पण अशा खासगी कंपनीनं १० टक्के किंवा त्याहून अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला कर्ज दिलं, तर साठलेल्या नफ्याइतकी रक्कम लाभांशच मानली जाते. पैसे परत केले तरी ती लाभांशच राहते. लग्नाचा खर्च त्यांच्या उत्पन्नात आला. चूक माझी होती, आणि तेव्हापासून कंपनीच्या कागदांवर सही घेण्याआधी मी हे नियम समोरच्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घेतो.

शिकायचं कसं, त्याकडे येतो. पुस्तक नंतर. आधी सीएंकडून गेल्या वर्षाचे तीन कागद मागून घ्या : नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, म्हणजे करपात्र उत्पन्नाचा हिशेब. पत्रकातला नफा आणि कॉम्प्युटेशनमधलं करपात्र उत्पन्न हे आकडे सहसा जुळत नाहीत. का जुळत नाहीत, याची प्रत्येक ओळ म्हणजे एक धडा. एखाद्याला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलेत? तो खर्च गेला. टीडीएस कापायचा होता आणि कापला नाही? त्या खर्चाचा ३० टक्के भाग अडकला. तुमच्याहून लहान उत्पादकाचं बिल थकवलंत? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षातच मिळतो. ही तरतूद २०२३-२४ पासून आहे, आणि भोसरीतल्या माणसासाठी ती दोन्ही बाजूंनी कामाची. तुमचं उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) ग्राहकाकडे पोचलेलं असेल तर तुमचं बिल थकवणं त्यालाही महाग पडतं.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते मशीनवर. "नफा सगळा मशीनमध्ये घातला, आता टॅक्स कशाचा?" हे वाक्य मी दर मार्चमध्ये ऐकतो. मशीन हा खर्च नाही, मालमत्ता आहे. तिचा फक्त घसारा (झिजेपोटीची वजावट) मिळतो, वर्षाला १५ टक्के. आणि ती वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. मार्चमध्ये २८ लाखांचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) बसवलंत तर त्या वर्षी २ लाख १० हजार मिळतील, एवढंच. कर्जाच्या हप्त्यातलंही व्याज तेवढं खर्च, मुद्दल नाही. म्हणूनच नफा दिसतो पण बँकेत पैसा नसतो. हे एकदा ताळेबंदावर बोट ठेवून पाहिलंत की परत विसरणार नाही.

तुमच्या उलाढालीला कुणीतरी अनुमानित कराचा रस्ताही दाखवेल : २ कोटींपर्यंत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा दाखवा, वह्या नकोत. १ कोटी ८० लाखांचे ६ टक्के म्हणजे १० लाख ८० हजार. कर शून्य! कायद्यात मात्र ६ टक्के किंवा त्याहून जास्त, असं आहे. ज्याला ३० लाख उरतात हे ठाऊक आहे त्यानं १०.८० लिहावेत, असं मी सांगणार नाही. बाकीचे २० लाख कुठेतरी दिसतातच, मुदत ठेवीत, फ्लॅटच्या खरेदीखतात. आणि तुमचं एआयएस पत्रक, म्हणजे तुमच्या व्यवहारांची जमा झालेली यादी, आयकर विभागाकडेही असतं. वर, मशीनसाठी कर्ज मागाल तेव्हा बँक हेच १०.८० लाखांचं रिटर्न समोर ठेवेल. ज्याचा नफा खरोखर तेवढाच आहे त्या लहान व्यापाऱ्यासाठी ही सोय उत्तम आहे. एलएलपीला आणि कंपनीला ती नाहीच.

टीडीएस आणि ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा कर) यांचं फारसं अवघड नाही. ग्राहक प्रोप्रायटरच्या जॉबवर्कच्या बिलातून १ टक्का कापतात, तो दादांच्या नावे सरकारकडे जमा असतो, खर्च म्हणून धरू नका. उरलेला कर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलात तर महिना १ टक्का व्याज. तोट्याचं वर्ष आलं तरी रिटर्न मुदतीत भरा, तरच धंद्याचा तोटा पुढची ८ वर्षं नेता येतो.

वाचायला म्हणाल तर सीए इन्स्टिट्यूटचं इंटरमिजिएटचं आयकराचं अभ्याससाहित्य त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यातली धंद्याच्या उत्पन्नाची आणि घसाऱ्याची प्रकरणं आधी घ्या. ते वाचताना शेजारी कोरं आयटीआर-३ (धंदा करणाऱ्या व्यक्तीच्या विवरणपत्राचा फॉर्म) उघडून ठेवा. त्या फॉर्मचा एकेक रकाना म्हणजे कायद्याचं एकेक कलम आहे. एक सावधगिरी : १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, 'निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. म्हणून मी वर एकही कलम क्रमांकानं सांगितलं नाही. तुम्हीही क्रमांक पाठ करू नका, जुन्या व्हिडिओतले तर मुळीच नको.

पहिलं काम म्हणून येत्या रविवारी मी वर केलेले चारही हिशेब स्वतःच्या हातानं पुन्हा मांडा, कॅल्क्युलेटर आणि कोरा कागद घेऊन. मग ३० लाखांच्या जागी ५० लाख घालून करा, मग १५ घालून. क्रम कुठे उलटतो ते पाहा. तो कागद घेऊन सीएंकडे जा आणि तुमच्या पगाराबद्दल, भागीदारीबद्दल विचारा. पण त्याआधी दादांना शेजारी बसवून दाखवा. करापेक्षा मोठी गोष्ट त्या कागदावर आहे : दादांना उद्या काही झालं तर चालू खातं, जीएसटी नोंदणी, ग्राहकांचे करार, सगळं एका माणसाच्या पॅनवर अडकलेलं आहे. पगार घेऊन कर वाचेल, पण तुम्ही नोकरच राहाल. भागीदारीत थोडा जास्त कर भरून मालक व्हाल. वर्षाला दीड लाखाचा हा फरक द्यायचा की नाही, हे सीए ठरवू शकत नाही. ते तुम्हा दोघांनाच बोलावं लागेल.